घाटा पातळ काहून होते

२७ जानेवारी, सोमवार

ज्योत्स्ना मॅडमचा हुकूम आहे, रोज चार ओळी लिहायच्या. त्या गिळण्या-बोलण्याच्या डॉक्टर, घरी येऊन तपासतात. जिभेचा व्यायाम वेगळा, बोटांचा वेगळा, डोक्याचा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लिहून राहिलो. वही कॉलेजच्या जर्नलमधली उरलेली आहे, एक पान रेघांचं, एक कोरं आकृतीसाठी. कोऱ्या पानावर माझं तोंड काढावं म्हटलं तर आकृती वाकडी म्हणून परीक्षक गुण कापतील.

मी देवमन, वय एकसष्ट. अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं परिचर होतो, मागच्या साली रिटायर झालो. एकवीस डिसेंबरला झटका आला आणि डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत आहे. बोलतो, पण ओठ साथ देत नाहीत, त्यामुळे माझं बोलणं जगात एकाच माणसाला कळते, माझ्या बायकोला, पंचफुलाला. तिलाच कळते म्हणून ओरडणंही तिच्यावरच होते.

खरी भानगड गिळण्याची आहे. पाणी, चहा, वरण, काहीही पातळ असलं की ते पोटात जायचं सोडून श्वासनळीत जाते. एकोणीस दिवस नाकात नळी होती. नळी काय चीज आहे ते ज्याच्या नाकात गेली त्यालाच ठाऊक. माणूस जेवत नाही, त्याच्यात ओततात. मॅडमनी नळी काढली तेव्हा बजावलं, आता सगळं मधासारखं जाड खायचं, चमचा तिरपा केला तर धार लागता कामा नये. चोवीस फेब्रुवारीला तपासणी. तोवर छाती साफ राहिली तर हळूहळू पाणी सुरू. ठसके लागून छातीत कफ झाला तर परत नळी. मी देवाला मानत नाही, भुताला मानत नाही. नळीला मानतो.

२९ जानेवारी

माझं मुख्य अन्न म्हणजे ज्वारीच्या पिठाचा घाटा, मीठ-जिरं घालून शिजवलेला. चहासुद्धा पंचफुला आरारूट घालून जाड करते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, या चहानं भिंतीवर पोस्टरं चिकटतील. ती हसली नाही. हल्ली हसत नाही.

उजवा हात असून मला स्वतः खाऊ देत नाहीत, कारण मी घाई करतो. भरवायची पद्धत मॅडमनी शिकवली. दोन चमचे. मोठा वाटीतला, छोटा माझ्या तोंडातला. मोठ्यानं छोट्यात ओतायचं, छोटा वाटीत कधीच बुडवायचा नाही. पंचफुलानं विचारलं, काहून? मॅडम सांगणार तेवढ्यात मीच सुरू झालो. माझं बोलणं मॅडमला कळेना, म्हणून पंचफुला ते समजावून सांगत गेली. म्हणजे प्रश्न तिचाच, उत्तरही तिच्याच तोंडून. अशी आमची जोडी.

सांगितलं ते असं. पीठ म्हणजे स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. पीठ शिजवलं की या माळा फुगतात, एकमेकींत गुंततात, पाणी धरून बसतात, म्हणून घाटा जाड. आपल्या लाळेत अमायलेज असते. ती कात्री समजा. माळ कापत सुटते, तुकडे होतात, तुकड्यांचे तुकडे, शेवटी बरेचसे दोन-दोन मण्यांचे उरतात, त्याचं नाव माल्टोज. माळा तुटल्या की धरलेलं पाणी सुटते. आणि ही कात्री झिजत नाही. तीच पुन्हा पुन्हा कापते, त्यामुळे एवढीशी लाळ पुरते. माझा उष्टा चमचा वाटीत गेला की दहा मिनिटांत घाट्याचं पाणी.

हा प्रयोग मी तेहतीस वर्षं लावला. पोरं परीक्षानळीत थुंकायला लाजायची, म्हणून सगळ्या वर्गाला लाळ माझी. निम्म्या अमरावतीनं माझ्या थुंकीवर बारावी काढली आहे. पंचफुलानं हे मॅडमला सांगायचं टाळलं, पण मी हट्ट धरला. मॅडम म्हणाल्या, त्या निम्म्यांत मीही आहे.

१ फेब्रुवारी

लिहू की नको असं दोन दिवस चाललं. लिहितो. ही वही कोण वाचते?

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी घाटा फार गरम होता. मला कळलंच नाही, डावा गाल आतून बधिर आहे. संध्याकाळी मॅडमनी टॉर्च लावून पाहिलं तर आत हा मोठा फोड. पंचफुला मोरीत जाऊन नळ सोडून बसली. मला राग आला नव्हता, तसं तिला सांगितलंही.

पण त्या दिवसापासून तिचं भरवणं बदललं. दर चमच्याला तोंड फिरवते. वाटीतून मोठा चमचा भरला की क्षणभर माझ्याकडे पाठ करते, मग वळते, छोट्यात ओतते, माझ्या तोंडाशी आणते. तेव्हाही नजर चमच्यावर.

मी आरसा पाहिला आहे. डाव्या कोपऱ्यातून लाळ गळते, खाताना जास्तच. छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्यावरून कधी तोंड फिरवलं नव्हतं. भांडतानासुद्धा नाही, भांडते तर डोळ्यात डोळे घालून. आता किळस येत असेल. येऊ शकते, तिचा काय दोष? मला स्वतःला येते. पण वाईट वाटते बावा. फार वाईट वाटते.

२ फेब्रुवारी, रविवार

दीक्षा आली. आमची एकुलती एक पोरगी, अकोल्याला शाळेत शिकवते, दर रविवारी येते. तिच्यासमोर जेवलो आणि तिच्यासमोरच ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिनं पाठ चोळली.

हे रोजचं झालं आहे. पहिले आठ-दहा चमचे गोळ्यानं पडतात, सरळ खाली जातात. शेवटच्या चमच्यांना धार लागते, आणि ठसका तिथेच. म्हणजे घाटा शिजतो जाड आणि वाटीच्या बुडाशी पातळ. माझा चमचा वाटीत जात नाही, त्यावर मी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा डोळा ठेवून असतो. दुसरी गोष्ट, शेवटचे घास जरा गोडसर लागतात. यावरून माझं अनुमान असं की पंचफुलाला कंटाळा येते. पाठ करते तेव्हा हळूच पाणी घालते, लवकर आटपावं म्हणून. आणि पाणचट लागू नये म्हणून चिमूटभर साखर.

ती भांडी घासत होती तेव्हा मी दीक्षाला चिठ्ठी लिहून दिली. “तुझ्या आईच्यानं हे होत नाही. तिला किळस येते. भरवायला बाई पाहा.” दीक्षानं दोनदा वाचली, घडी करून पर्समध्ये टाकली. आईला विचारलं का, म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. विचारायचं काय, ती सुटल्यासारखीच होईल. दीक्षा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, शाळेत उत्तर चुकलेल्या पोराकडे पाहत असेल तशी. मग म्हणाली, बडनेऱ्याच्या एक बाई आहेत गोदाबाई म्हणून, पेशंटचं करतात, पुढच्या रविवारी घेऊन येते.

५ फेब्रुवारी

सकाळपासून कणकण. मॅडम आल्या, छातीला नळी लावली (ही नळी चालते). उजव्या बाजूला खाली खरखर आहे म्हणाल्या. डॉक्टरांना फोन केला, गोळ्या सुरू झाल्या, कुटून घाट्यात घालायच्या. जाताना दाराशी पंचफुलाला म्हणाल्या ते मला ऐकू आलं. घाटा जाड करता ना नक्की? आणखी एकदा असं झालं तर चोवीस तारखेपर्यंत थांबणार नाही, नळी टाकावी लागेल.

मॅडम गेल्यावर माझा तोल गेला. वाटी उजव्या हातानं सरकवली, अर्धा घाटा पलंगावर. म्हटलं, “पानी टाकते तू वाटीत.”

ती म्हणाली, “नाई टाकत जी.”

एवढंच. चादर बदलली. आणखी काहीतरी बोलेल, भांडेल, म्हणून मी वाट पाहिली. हिच्या जागी कोणीही असती तर म्हणाली असती की भर तुझ्या हातानं. ती परत घाटा शिजवायला गेली, आणि परत पाठ करून भरवला.

६ फेब्रुवारी

पुरावा पाहिजे. मी प्रयोगशाळेचा माणूस आहे, संशयावर पास-नापास करत नाही.

कुंदनला फोन लावायला सांगितला. माझ्या जागेवर लागलेला माणूस, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण अजून मला सर म्हणतो. सध्या बारावीच्या प्रॅक्टिकलची धावपळ आहे, तरी संध्याकाळी आला. त्याच्यासमोर वहीत लिहून दाखवलं, आयोडिनची ड्रॉपर बाटली पाहिजे. त्याला वाटलं जखमेला लावायचं. मी लिहिलं, जखम नाही, तपास आहे. त्यानं खिशातून काढून दिली, आज वर्गात वापरलेलीच. पंचफुलानं त्याला चहा दिला, पातळ. तो घटाघट प्याला. मी दुसरीकडे पाहत होतो.

७ फेब्रुवारी

उद्देश: वाटीत पाणी घालतात काय, हे शोधणे.

साहित्य: दोन बश्या, आयोडिन, घाटा.

कृती: दुपारी भरवायच्या आधी वाटीतला एक चमचा घाटा बशीत ठेवायला लावला. पंचफुलानं काहून विचारलं नाही. जेवण झाल्यावर वाटीच्या बुडाचा घाटा दुसऱ्या बशीत घेतला. दोन्ही बश्या खिडकीत थंड होऊ दिल्या, कारण गरम स्टार्चवर निळा रंग टिकत नाही. हे कुंदनलाही अजून लक्षात राहत नाही. ती कपडे वाळत घालायला गेली तेव्हा दोन्हींत दोन-दोन थेंब टाकले.

निरीक्षण: पहिल्या बशीत काळंनिळं, दौतीतल्या शाईसारखं. म्हणजे स्टार्च भरपूर, पीठ पुरेपूर. दुसऱ्या बशीत

इथे पेन थांबलं होतं. आता लिहितो. दुसऱ्या बशीत तांबूस. विटकरी, जांभळट कडांचं तांबूस.

पाणी घातलं असतं तर निळा फिका झाला असता. फिका निळा, आणखी फिका निळा. तांबूस होत नाही. माळा तुटून मधल्या लांबीचे तुकडे झाले की आयोडिन तांबूस दाखवते, त्याला डेक्स्ट्रिन म्हणतात. हे मी पोरांकडून इतक्या वेळा पाठ करून घेतलं की झोपेत सांगेन. आणि गोड लागते ते माल्टोज, साखर नाही. भाकर खूप चावली की गोड लागते, तेच. माझ्या घाट्यात लाळ होती. माझा चमचा वाटीत जात नाही. खोलीत आम्ही दोघंच असतो.

संध्याकाळी खुर्ची लोखंडी कपाटासमोर लावायला सांगितली, पाय अवघडला म्हणून. कपाटाला आरसा आहे. ती बसली, मोठा चमचा भरला, पाठ केली, आणि आरशात मला तिचं तोंड दिसलं. तिनं चमचा ओठांना लावला. फुंकर नाही. ओठ लावून थांबली, किंचित घाटा जिभेवर घेतला, गालात फिरवला, डाव्या गालात. मग मान हलवली, स्वतःशीच, की ठीक आहे. मग वळून छोट्या चमच्यात ओतला आणि माझ्याकडे आणला. ओठांना लागलेला मोठा चमचा परत वाटीत. दर चमच्याला. एकोणीस चमचे मोजले.

तेवीस दिवस ती माझा गाल झाली होती, आणि मी चिठ्ठी लिहिली की तिला किळस येते. देवमन, तुझ्यासारखा गाढव साऱ्या वऱ्हाडात शोधून सापडणार नाही.

ठसका आजही लागला. मी दाबला. आरशात रडू दिसू नये म्हणून डोळे मिटून खाल्लं, तर तिला वाटलं मला झोप आली.

८ फेब्रुवारी

सांगणं भाग होतं. नाही सांगितलं तर नळी. सांगितलं तर तिला कळणार की माझ्या छातीतली खरखर तिच्या मायेनं झाली. सकाळभर विचार केला आणि लबाडी करायचं ठरवलं. दोन बश्यांत घाटा मागितला, एकीत तिच्यादेखत थुंकलो, थोडं थांबून आयोडिन टाकलं. एक निळी, एक तांबूस. म्हटलं, पाहा, माझी लाळ कशीतरी वाटीत जाऊन राहिली, म्हणून पातळ होते. तुझी काही चूक नाही.

ती बश्यांकडे पाहत राहिली. सातवी शिकलेली बाई आहे, पण मॅडमला माझ्या तोंडचा सगळा प्रयोग तिनंच समजावून सांगितला होता, हे मी विसरलो.

“तुमचा चमचा त वाटीत जातच नाई,” ती म्हणाली. “मंग हे माह्यं झालं. माह्या हातानं तुमाले नळी लागली असती.”

आणि खाली बसली. मग सगळं सांगितलं, फरशीकडे पाहत. फोड आला त्या दिवशी तिनं ठरवलं की आपल्या तोंडात पाहिल्याशिवाय यांना एक घास द्यायचा नाही. पाठ काहून करत होती? तर नवऱ्याला आपलं उष्टं चारून राहिली, कोणी पाहिलं तर काय म्हणेल, आणि मी पाहिलं तर काय म्हणेन, याची लाज. छप्पन साली माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा विटाळ, उष्टं-पाष्टं, सगळं सोडलं म्हणून आम्ही अभिमानानं सांगतो. पण नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही, त्याला आपलं उष्टं द्यायचं नाही, हे एवढं बायांनी चुलीपाशी तसंच ठेवलं, आणि आमच्या लक्षातही आलं नाही. येईल कसं? आम्ही तर आधी जेवून उठलेलो.

मला वाटलं तुला माझी किळस येते, असं मी म्हणालो. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी कुठल्या परक्या भाषेत बोललो. मग तिचा चेहरा पडला आणि ती रडू लागली, आणि मला उठता येईना. माणसाला हजार गोष्टी सुचतात, मला एकच सुचली, तीही प्रयोगशाळेतली.

“छत्तीस वर्षं रांधून घातलं,” मी म्हटलं, “आता पचवून बी घालून राहिली होती तू मले.”

तिला ते कळायला दोन क्षण लागले. मग रडता रडता हसली, पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत. डिसेंबरपासून पहिल्यांदा.

आता ठरलं ते असं. गरम आहे का ते मनगटावर थेंब टाकून पाहायचं, लेकराच्या दुधाचं पाहतात तसं. आणि पाठ करायची नाही. संध्याकाळी तसंच जेवलो. बुडाचा चमचासुद्धा गोळ्यानं पडला. ठसका नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दीक्षा गोदाबाईंना घेऊन आली. चांगल्या बाई, स्वच्छ, हसतमुख. पंचफुलाला काहीच ठाऊक नव्हतं, ती पाहुण्या समजून चहा ठेवायला गेली. मी दीक्षाला खूण करून चिठ्ठी परत मागितली. तिनं पर्समधून काढली. फाडून टाकावी म्हणून हात पुढे केला तर दिली नाही, आईला कधीतरी दाखवीन म्हणाली. मी हात जोडले, एका हातानं जितके जोडता येतात तितके. तेव्हा दिली.

गोदाबाई चहा पिऊन गेल्या. जाताना पंचफुलानं त्यांना पुन्हा या म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी

ताप नाही. मॅडमनी छाती ऐकली, चोवीसला सांगते म्हणाल्या. परीक्षक असेच असतात. पंचफुला मात्र रोज विचारते, मॅडम काय म्हणल्या, आणि रोज मी सांगतो, काही नाही. जेवताना आता समोर बसते. इतक्या जवळून इतके दिवस आम्ही एकमेकांकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. तिच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पंचफुला सकाळपासून उपाशी. मी म्हटलं, खाऊन घे, दवाखान्यात वेळ लागेल. तुमचं झाल्यावर, म्हणाली.

छाती साफ. दोन्ही बाजू. मॅडमनी एक चमचा पाणी दिलं, साधं, पातळ, नळाचं म्हणावं तसं पाणी. हनुवटी खाली करून गिळलं. मॅडमनी गळ्यावर बोटं ठेवली होती, म्हणाल्या आवाज काढा. मी “आ” म्हटलं. आवाज कोरडा निघाला, घरघर नाही. आणखी एक चमचा दिला. तोही गेला. पाण्याला चव असते हे साठ वर्षांत कळलं नव्हतं. नळी नाही. जेवण अजून महिनाभर जाडच, पाणी चमच्यानं, पण आता घाटा मी माझ्या हातानं खायचा, घाई न करता.

घरी आलो. पंचफुलानं घाटा शिजवला, वाटी माझ्यासमोर ठेवली, चमचा माझ्या उजव्या हातात दिला आणि स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसली. त्या हातांना काय करावं ते समजत नव्हतं. दीड महिना त्यांना दिवसातून चारदा काम होतं.

मी म्हटलं, दुसरी वाटी आण. तिनं आणली. गॅसवरच्या त्याच गंजातला घाटा तिच्या वाटीत वाढायला लावला.

“घे. खाय,” मी म्हटलं.

“तुमच्या आधी कशी खाऊ?”

“मंग गरम हाय का ते कोन पाहीन?”

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. चमचा भरला. पाठ करायला अर्धी वळली, मग थांबली आणि परत माझ्याकडे तोंड केलं. घास घेतला. सावकाश, डाव्या गालात फिरवून, गिळला.

“थांबा जराक,” म्हणाली. “अजून गरम हाय.”

आणि दुसरा घास घेतला, मग तिसरा. भूक लागली होती तिला. मी चमचा वाटीवर आडवा ठेवला आणि थांबलो.